पसंतीक्रम

उद्या साडेपाचला यादीला कुलूप लागणार.
आज रात्री मन्मथदादाच्या झेरॉक्सच्या दुकानात
मी दोन गावांच्या मधोमध बसलेय.

आंबाजोगाई : रेणापुराहून तासाभराची एसटी,
आईनं डबा पाठवला तर वरण कोमट पोचेल.
नागपूर : एक अख्खी रात्र,
आणि उतरल्यावर कुठल्या हाताला वळायचं
तेही माहीत नाही.

दोन वर्षं लातूरच्या खोलीत
मी चारांतून एक निवडत होते.
चुकले तरी बरोबर उत्तर
मागच्या पानावर छापलेलं असायचं.
इथं पर्याय दोनच,
आणि मागचं पान कोरं.

फिजिक्सचे सर फोनवर म्हणाले,
नागपूर! यात विचारायचं काय?
आई काहीच म्हणाली नाही.
बाजारातून नवी चादर मात्र घेऊन आली,
पातळ,
जवळच्या गावाला पुरेल एवढी.

माझं कारण मी कुणाला सांगितलं नव्हतं.
मला इकडची दुखणी ऐकू येतात.
बाबांच्या स्टुलाशेजारी गृहपाठ करता करता
पाढ्यांसारखी पाठ झालीत :
ठणकायलंय. पोटात कालवायलंय.
पाठीत चमक भरलीय.
काही नाही हो, नुसतं कसंतरीच व्हायलंय.
सव्वीस वर्षं बाबा कंपाउंडर.
डॉक्टरांचं अक्षर त्यांच्याशिवाय कुणाला लागत नाही,
आणि म्हाताऱ्यांचं बोलणं
त्यांच्याशिवाय डॉक्टरांना.

नागपुरात म्हणतात, दुखून राह्यलं.
आपल्याकडं दुखणं नुसतं चालू असतं.
तिकडं ते राहतं,
बिऱ्हाड केल्यासारखं.
त्याचं दार मी कुठून वाजवू?

परवा दवाखाना बंद करताना हे बाबांना बोलले.
ते गोळ्यांच्या पट्ट्या कापत होते,
तीन-तीनचे तुकडे.
म्हणाले, हे काउंटर कुणी केलं, ठाऊक आहे?
वैजनाथ पांचाळानं.
तू बालवाडीत होतीस.
दुपारचा आला. म्हणला, छातीत जळजळायलंय,
रात्रीची भजी नडली.
डॉक्टर जेवायला गेलेले.
मला त्याचा शब्द माहीत, भजीची गाडी माहीत.
दोन गोळ्या दिल्या. पाणीसुद्धा मीच दिलं.
म्हणला, आता गार वाटायलंय.

कात्री चालूच होती.

फाट्यापर्यंत गेला तो.
तिथंच बसला.

मग बराच वेळ नुसता कागदी पाकिटांचा आवाज.
मग, माझ्याकडं न बघता :
शब्द ओळखीचा निघाला की
माणूस पुढचं विचारत नाही, बाई.

हे नागपूरसाठी होतं
की तेरा वर्षं तोंडात धरलेलं
फक्त त्या रात्री सुटलं,
मला कळलं नाही.
कुठं जा, ते बोललेच नाहीत.
काउंटर पुसलं,
एका कोपऱ्यावरून फडकं दोनदा फिरवलं,
आणि शटर ओढलं.

मन्मथदादा म्हणतो, लाईट जायच्या आत आटप.
मी पहिल्या रकान्यात नागपूर टाकते.
काढते.
आंबाजोगाई टाकते, तीही काढते.
इतका वेळ की पडदा झोपी जातो
आणि त्यात माझंच तोंड दिसतं.
मग नागपूर.
त्याच्याखाली आंबाजोगाई,
उंबऱ्याबाहेर चपला ठेवाव्यात तशी,
परत घालता येईल अशी.

दादा प्रिंटचे पैसे घेत नाही.
म्हणतो, पुढं सुई टोचशील तेव्हा फेडून घेईन.

घरी आई जागी.
चादर घडी करून ट्रंकेवर ठेवलेली.
मी म्हणते, आई,
जाड लागेल गं.

हात घडीवरच थांबतो.
कुठं, ते ती विचारत नाही.
विचारते,
किती जाड?